नाशिकहून इंग्लंडच्या शाळेत गणित शिकवायला: 'कल्चर शॉक'ची तयारी निघण्याआधी काय काय करावी?

पाटीपेन्सिल (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी,

लीड्सजवळच्या एका सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवण्याचं काम पक्कं झालं आहे. १ सप्टेंबरला रुजू व्हायचं आहे. इथे आठवी ते दहावीला अकरा वर्षं शिकवते आहे, माध्यम सेमी-इंग्रजी. व्हिसा, टीबीची तपासणी, पोलीस दाखला हे सगळं मार्गी लागलं आहे, त्यामुळे कागदपत्रांविषयी विचारत नाही.

माझ्या हातात नऊ आठवडे आहेत. ओळखीतला प्रत्येक जण थंडी आणि जेवण या दोनच गोष्टी सांगतो, आणि शेवटी "मन घट्ट कर" म्हणतो. मन घट्ट करायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. मला हे हवं आहे:

वर्गात पहिला धक्का कुठे बसतो? बोलण्यात काय बदलावं लागतं? आणि पहिले तीन-चार महिने एकटीने काढायचे आहेत (नवरा आणि मुलगा मागाहून येतील), तर इथूनच काय लावून ठेवता येईल?

तिसरी घंटा

ताई, स्वेटर शेवटच्या आठवड्यात भरा. धक्का बसतो तो वर्गाच्या दारात.

आपल्याकडे बाई वर्गात आल्या की पोरं उभी राहतात. बाई कोण, कशा शिकवतात हे नंतर कळतं, मान आधी मिळतो. तिथे मान शाळेच्या वर्तन-नियमावलीतून येतो, आणि तुम्ही ती रोज, प्रत्येक मुलाला, एकसारखी लावलीत तरच तो तुमच्याकडे येतो. पहिल्या महिन्यात मुलं जे करतात त्याला आपण उद्धटपणा म्हणतो. बऱ्याचदा ती फक्त बघत असतात की या बाई बोलल्यासारखं करतात का.

म्हणून आजच विभागप्रमुखांना ईमेल करा आणि मागा: वर्तन-नियमावली, वह्या तपासण्याचे नियम, पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम-आराखडा, शाळेचं वार्षिक कॅलेंडर, आणि जमलं तर तुमचं वेळापत्रक. संकोच करू नका. आधी मागणारी माणसं त्यांना आवडतात.

नियमावलीत पायऱ्या असतात. साधारणपणे पहिली सूचना, दुसरी सूचना, मग दुसऱ्या खोलीत पाठवणं, आणि सोबत डिटेन्शन, म्हणजे शिक्षा म्हणून थांबवून ठेवणं. नावं शाळेगणिक बदलतात. पायऱ्यांची *शब्दरचना* पाठ करा, अगदी पाढ्यासारखी. आपल्या शिक्षकांची ठरलेली चूक इथेच होते: तीन-चार वेळा "जाऊ दे" म्हणून सोडून द्यायचं आणि पाचव्या वेळी एकदम भडकायचं. त्यांच्या हिशोबाने तुम्ही पहिली पायरी वापरलीच नाही, थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली. मुलाने तक्रार केली तर नियम त्याच्या बाजूने असतो, आणि विभागप्रमुखांना इच्छा असूनही तुमची बाजू घेता येत नाही. उलट पहिल्याच कुजबुजीला हळू आवाजात पहिली सूचना दिली, तर तास तुमचा.

सूचना कशी द्यायची, तर नाव, काम, आभार, आणि मान वळवायची. "जॅक, पेन खाली. थँक यू." एवढं बोलून दुसरीकडे बघायचं, दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत जॅक मित्रांसमोर मान खाली न घालता पेन ठेवू शकतो. त्याच्याकडे रोखून बघत राहिलात, किंवा "आधी सॉरी म्हण" असा हट्ट धरलात, तर तीस प्रेक्षकांसमोर कुस्ती सुरू होते, आणि त्या कुस्तीत पंधरा वर्षांचा मुलगा हरायला तयार नसतो. समज द्यायची असेल तर तासानंतर, दार उघडं ठेवून, एकट्याला द्या.

हाताचंही सांगतो. इंग्लंडच्या सरकारी शाळांत शारीरिक शिक्षेवर १९८७ पासून बंदी आहे. आपल्याकडेही शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने ती आहेच. पण प्रेमाची टपली, कान पकडणं, पाठीवर थाप, हातातून वही ओढून घेणं हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. तिथे यातलं काहीही करू नका. सवय मोडायचा सोपा उपाय म्हणजे आतापासूनच वर्गात फिरताना दोन्ही हातांत फाइल धरा. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण हात रिकामा असला की तो सवयीने उठतो.

तासाची सुरुवात घरी उभं राहून घटवा. दारात उभं राहायचं, एक पाय वर्गात आणि एक व्हरांड्यात. प्रत्येकाला नावाने गुड मॉर्निंग. फळ्यावर पाच मिनिटांचं काम आधीच लिहिलेलं. मुलं तुम्ही ठरवलेल्या जागीच बसणार, मैत्रिणीशेजारी नाही. ती लिहीत असताना हजेरी. सकाळ-दुपारची हजेरी तर कायदेशीर नोंद असते. आधीच्या तासाला असलेलं मूल तुमच्या तासाला नसेल तर ते सुरक्षिततेचं प्रकरण होतं, म्हणून पहिल्या काही मिनिटांत ती लागलीच पाहिजे. "शिकवून झाल्यावर घेऊ" हे तिथे चालत नाही.

आणखी एक. "समजलं?" असं विचारल्यावर साठ मुलांचं "होऽऽ" तुम्हाला ऐकू येणार नाही. शांतता पसरेल, आणि नव्या माणसाला ती अपमानासारखी लागते. तो अपमान नसतो, सामूहिक उत्तराची पद्धतच नसते. त्याऐवजी प्रत्येकाकडे छोटी पांढरी पाटी असते. प्रश्न विचारायचा, वेळ द्यायचा, मग "थ्री, टू, वन, शो मी". तीस उत्तरं एका नजरेत. इथल्या आठवीवर जुन्या पाट्या घेऊन दोन आठवडे करून बघा, हात बसेल.

अनुस्वार

वरच्या प्रतिसादाशी सहमत. भाषेचा भाग मी घेतो, कारण गणिताच्या शिक्षकाला वाटतं आपल्याला भाषेची अडचण नाही, आकडे तर सगळीकडे तेच. तसं नसतं.

सगळ्यात मोठा खड्डा 'इनटू'. आपण 'टू इनटू थ्री' म्हणतो तेव्हा उत्तर सहा. तिथलं मूल 'टू इनटू थ्री' ऐकून भागाकार करायला घेतं, तीनात दोन किती वेळा जातात म्हणून. तुम्ही फळ्यावर बरोबर लिहिता, तोंडाने उलटं सांगता, आणि मागच्या बाकावरची मुलगी गोंधळते. 'टाइम्स' म्हणा. तसंच 'ए अपॉन बी' नको, 'ए ओव्हर बी'. 'स्लोप'ला 'ग्रेडियंट'. १०च्या घातात लिहायच्या रूपाला 'स्टँडर्ड फॉर्म'. आकडेमोडीत आधी काय सोडवायचं त्या क्रमाचा नियम बॉडमासच्या ऐवजी बऱ्याच शाळांत बिडमास. ०.३७ हे 'पॉइंट थर्टी सेव्हन' नाही, 'पॉइंट थ्री सेव्हन'. शून्याला 'नॉट' हा शब्द सतत कानावर पडेल. स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर, म्हणजे लाखाची खूण हातातून काढून टाकावी लागेल. फळ्यावर घाईत हमखास १,००,००० लिहिलं जातं. भागाकार ते 'बस स्टॉप' पद्धतीने मांडतात, गुणाकाराला चौकटीची पद्धत वापरणारी मुलंही भेटतील. ती चुकीची ठरवू नका. उत्तर येतंय ना?

उच्चारात मराठी माणसाचे तीन सांधे निखळतात: 'व्ही' आणि 'डब्ल्यू' (आपल्याला दोन्हीला एकच व), 'थ्री' आणि 'ट्री', आणि थर्टीन-थर्टीमधला आघात. बोलण्याचा ढंग बदलायची काडीची गरज नाही, नक्कल तर अजिबात करू नका. फक्त हे तीन सुधारा आणि वेग कमी करा. फोनवर दहा मिनिटांचा तास रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका, आठवड्यातून तीन वेळा.

आता न बोलण्याची भाषा. आपली आडवी डुलणारी मान! होकारासाठी आपण जी हलवतो, ती तिथे 'नाही' किंवा 'बघू' अशी वाचली जाते. मुलाने बरोबर उत्तर दिलं, तुम्ही मान डुलवलीत, त्याने उत्तर खोडलं, असं होतं. रेकॉर्डिंग व्हिडिओ केलंत तर स्वतःलाच दिसेल.

शिक्षककक्षातही शब्दांना वेगळी वजनं आहेत. मुलं तुम्हाला 'मिस' म्हणतील, पण सहकारी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, बऱ्याच शाळांत मुख्याध्यापकांनाही. 'सर, सर' केलंत तर समोरचाच अवघडतो. 'यू ऑलराइट?' हा प्रश्न नाही, ते 'काय, बरंय ना' आहे. थांबून तब्येत सांगू नका. निरीक्षणानंतर 'इट माइट बी वर्थ थिंकिंग अबाउट…' असं कुणी म्हणालं तर तो विचार करायचा प्रस्ताव नसतो, पुढच्या तासाला ते केलेलं दिसायला हवं असतं. 'क्वाइट गुड' म्हणजे ठीकठाक. 'नॉट बॅड' म्हणजे चांगलं! आणि 'यू मस्ट कम राउंड समटाइम' हे तारीख सांगेपर्यंत आमंत्रण नाही.

उलट बाजूने: मराठीत आपण घरच्या माणसाला 'कृपया' आणि 'धन्यवाद' म्हणत नाही, म्हटलं तर तो परका झाल्यासारखा वाटतो. तीच वाक्यरचना इंग्रजीत नेली की 'गिव्ह मी द रजिस्टर' होतं, आणि ते हुकूम वाटतं. 'कुड आय हॅव…' तोंडात बसवा. बसमधून उतरताना ड्रायव्हरलाही थँक यू म्हणायची तिथे रीत आहे.

नाशिकचं इंग्रजी जे तिथे अडतं: 'एनी डाउट्स?' नाही, 'एनी क्वेश्चन्स?'. 'पास्ड आउट इन २०१२' म्हणालात तर २०१२ साली चक्कर येऊन पडलात असं समजतील. 'स्टँडर्ड' नाही, 'इयर'. 'क्लास टीचर' म्हणजे 'फॉर्म ट्यूटर'. 'करेक्शन' नाही, 'मार्किंग'.

लीड्सकडच्या यॉर्कशर बोलीसाठी बीबीसी रेडिओ लीड्स रोज वीस मिनिटं लावा, पोळ्या करताना चालेल. बातम्यांपेक्षा श्रोत्यांचे फोन ऐका. 'औट' म्हणजे काहीही, 'नौट' म्हणजे काही नाही. शून्याचा 'नॉट' आणि हा 'नौट' कानाला जवळचे वाटतात, म्हणून सांगितलं. 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. 'टी' म्हणजे कधी कधी रात्रीचं जेवण. आणि दुकानदार किंवा ड्रायव्हर 'लव्ह' म्हणाला तर तो सगळ्यांनाच म्हणतो, त्याचं काही मनावर घेऊ नका.

खिडकीपाशी

एक विषय राहिला, आणि त्यात चूक झाली तर नोकरीवर येते, म्हणून वेगळा लिहिते. मुलांची सुरक्षितता, म्हणजे सेफगार्डिंग.

सरकारचा 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' हा दस्तऐवज प्रत्येक शिक्षकाला वाचावा लागतो, त्याचा पहिला भाग आत्ताच डाउनलोड करून वाचा. मूल येऊन म्हणालं, "मिस, एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?" तर आपल्या तोंडून सहज निघतं, "नाही गं, सांग." तिथे हे वचन द्यायचं नाही. शांतपणे म्हणायचं की तुझ्या काळजीचं असेल तर मला एका ठरलेल्या व्यक्तीला सांगावं लागेल. मग ऐकायचं. सुचवणारे प्रश्न नाहीत, फक्त 'सांग', 'जरा समजावून सांग', 'वर्णन कर'. चौकशी करायची नाही, घरी फोन लावायचा नाही. मुलाचेच शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि त्याच दिवशी शाळेच्या सुरक्षा-प्रमुखाकडे द्यायचे. उद्या नाही.

याच खात्यात मोडणाऱ्या बाकीच्या सवयी: पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप नाही, स्वतःचा नंबर मुलांना किंवा पालकांना नाही, सोशल मीडियावर विद्यार्थ्यांची विनंती स्वीकारायची नाही. स्वतःच्या फोनने वर्गाचा फोटो नाही. पाऊस पडतोय म्हणून मुलीला गाडीवरून घरी सोडणं नाही. वाढदिवसाला चॉकलेट वाटणं नाही. ॲलर्जीमुळे बऱ्याच शाळांत शेंगदाणे-काजूवर बंदी असते, म्हणजे आपला चिवडासुद्धा शिक्षककक्षात विचारूनच उघडा. आणि आपल्याच विद्यार्थ्याची शिकवणी घेणं, जे आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडवर कुणाला खटकत नाही, ते तिथे हितसंबंधांचा प्रश्न होतो. शिवाय तुमच्या व्हिसावर जादा कामाला मर्यादा आहेत.

वर्गात मदतनीस शिक्षिका असेल तर तिला तासाचा आराखडा आदल्या दिवशी द्या आणि कोणत्या दोन-तीन मुलांजवळ बसायचं ते सांगा. तिला झेरॉक्स आणायला पाठवू नका. विशेष गरजा असलेल्या मुलांची माहिती वर्गात कोण कुठे बसतं त्या आराखड्यावर खुणांनी लिहून ठेवा. 'स्लो', 'वीक', 'हायपर' हे शब्द तर इथेच सोडून जा. पालकसभेत प्रत्येकाला साधारण पाच मिनिटं मिळतात, त्यात दुसऱ्या मुलाशी तुलना केली की ती पाच मिनिटं वाया गेली समजा.

लीड्स-ब्रॅडफर्डकडे पाकिस्तानी मुळाची बरीच मुलं वर्गात असतील. ती ब्रिटिश आहेत. क्रिकेटच्या सामन्यावरून, सीमेवरून गंमतीतही काही बोलू नका. शिक्षकाने राजकीय बाबतीत तटस्थ राहावं हे तिथे कायद्यातच आहे.

उन्हाळी पाऊस

'कल्चर शॉक' हा शब्द लोकांपर्यंत नेला कॅलेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने, १९५४ च्या रिओमधल्या एका भाषणातून. आधी कौतुक, मग चिडचिड, मग सावरणं, मग रुळणं अशा त्याच्या पायऱ्या. १९५५ मध्ये लिसगार्डने अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेजियन लोकांवरून त्याच वळणाची इंग्रजी यू आकाराची रेघ काढली. परदेशी जाणाऱ्यांच्या ओरिएंटेशन-वर्गांत ती हमखास फळ्यावर येते.

माझं मत, त्या रेघेवर विसंबू नका. १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेले जपानी विद्यार्थी तपासले, तर सर्वांत जास्त ताण पोहोचल्यावर लगेचच होता, सुरुवातीच्या कौतुकाचा 'मधुचंद्र' वगैरे काही नव्हता. 'पहिला महिना मजेत जातो' असं धरून चाललेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात रडू आलं की वाटतं आपल्यातच खोट आहे. खोट नसते. नव्या जागी शंभर बारीक गोष्टी विचार करून कराव्या लागतात, ज्या इथे हात आपोआप करतो. थकवा त्याचा असतो.

म्हणून भावनांचा नाही, कॅलेंडरचा अंदाज घ्या. तुमचा पहिला कठीण पट्टा कधी येणार ते आजच सांगता येतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधी साडेपाचच्या सुमारास मावळणारा सूर्य दुसऱ्या दिवशी साडेचारला मावळतो. डिसेंबरात लीड्सला पावणेचारच्या आसपास अंधार, आणि सकाळी आठनंतर उजाडतं. नाशिकला त्याच दिवसांत संध्याकाळी सहापर्यंत उजेड असतो. निफाडचा पारा खाली गेला की आपल्याकडे बातमी होते, पण दुपारी ऊन पडतंच. तिथे थंडीपेक्षा ओल आणि अंधार जास्त बोचतात. साधारण त्याच सुमारास सत्राचा दुसरा भाग सुरू होतो, चाचण्या येतात, आणि दिवाळी बहुतेक वर्षी भर शाळेत पडते. सुट्टी धार्मिक कारणाने मागता येते, पण लेखी आणि खूप आधी. मिळेलच असं नाही.

त्या पट्ट्यासाठी आजच तीन गोष्टी ठरवा. एक, ऑक्टोबर अखेरच्या आठवडाभराच्या सुट्टीत घरी बसायचं नाही. कुठेतरी जायचं तिकीट आधीच काढा. दोन, रोज दुपारच्या सुट्टीत पंधरा मिनिटं बाहेर उजेडात, पाऊस असला तरी. ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्या असा तिथल्या सरकारचाच सल्ला आहे. सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर घ्यायचा विचार करावा म्हणतात. तीन, आठवड्यातून एक ठरलेली गोष्ट, जिथे तुम्ही शिक्षिकाही नाही आणि 'भारतातून आलेली'ही नाही: बॅडमिंटन, गायनवृंद, काहीही.

घरच्या फोनचं वेळापत्रकही बांधून घ्या. सप्टेंबरात फरक साडेचार तासांचा, घड्याळं बदलल्यावर साडेपाच. शाळा सुटून चार वाजता फोन लावला तर इथे आधी साडेआठ आणि नंतर साडेनऊ. मुलगा लहान असेल तर साडेनऊ उशीर होतो, म्हणून नोव्हेंबरपासून सकाळचा फोन: तिथले सात म्हणजे इथले साडेबारा. मुलाची शाळा सकाळची असेल तर जमतं. रोज वीस मिनिटं पुरेत. दोन-दोन तास व्हिडिओ कॉल चालला की शरीर लीड्सला आणि माणूस इंदिरानगरात, आणि शेजारी कोण राहतं हे तीन महिन्यांनीही कळत नाही.

आणखी एक कोरडी पण महत्त्वाची गोष्ट. तिथे शिक्षकाने नोकरी सोडायच्या तारखा बहुतेक ठरलेल्या असतात. डिसेंबरअखेर सोडायची तर ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवायचं, एप्रिलअखेरीला २८ फेब्रुवारी, ऑगस्टअखेरीला ३१ मे. म्हणजे नोव्हेंबरात "बस झालं" वाटलं तरी कागदोपत्री लगेच काही होत नाही, शिवाय व्हिसा त्या शाळेशी बांधलेला. हे आधी माहीत असलं की नोव्हेंबरची रात्र निर्णय घ्यायची वेळ नाही, हे आपोआप कळतं.

भाकरतुकडा (नाशिकरोड)

घर-स्वयंपाकाचं झटपट. इथून फोटो बघून घराची अनामत पाठवू नका, फसवणूक तिथेच होते. पहिले तीन-चार आठवडे खोली भाड्याने घ्या, शाळेला विचारा, सहकाऱ्यांपैकी कुणाला माहीत असतं. अनामत जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी घेता येते, आणि घरमालकाने ती तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवायची असते. पावती मागा. पगार महिनाअखेरीला, म्हणून सहा-आठ आठवड्यांचा खर्च सोबत हवा. पहिल्या पगारात कर जास्त कापलेला दिसला तर टॅक्स कोड (किती कर कापायचा ते ठरवणारा क्रमांक) तपासायला सांगा, बहुधा तोच तात्पुरता लागलेला असतो.

तूप, पेढे, खवा नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून वैयक्तिक सामानातही नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नाही. गोडा मसाला, मेतकूट, पापड, वाळवलेलं सगळं चालतं. डाळी-पीठं वाहून नेऊ नका, ब्रॅडफर्डला सगळं मिळतं. कुकर सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा. वीज २३० व्होल्टच, फक्त पिनेचा आकार वेगळा.

जाड कोट तिथेच घ्या. इथला कोट ऊब देतो, पण तिथला पाऊस अडवत नाही.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार, वही भरली! 'इनटू'ने तर झोप उडाली, आज दिवसभरात किती वेळा म्हटलं ते मोजलं. एकोणीस.

एक विचारायचं राहिलं, जरा अवघड आहे. मुलांनी माझ्या बोलण्याची नक्कल केली तर? किंवा त्याहून वाईट काही बोललं तर? हसून सोडून द्यावं का?

तिसरी घंटा

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच ठेवा.

शब्द कळला नाही म्हणून "मिस, काय म्हणालात?" हा नुसता प्रश्न असतो. शब्द फळ्यावर लिहा आणि पुढे चला. पहिल्याच तासाला आडनाव तोडून लिहा, एकदा म्हणून घ्या. आणि त्यांचीही नावं आधी शिकून जा: शिव्हॉन, नीव्ह अशी आयरिश नावं लिहिण्यावरून ओळखूच येत नाहीत. तुम्ही त्यांचं नाव बरोबर घेतलंत तर तुमचं नाव नीट घ्यायला तीही कष्ट घेतात.

चिडवण्यासाठी केलेली नक्कल म्हणजे वर्तन. नियमावलीतली पहिली पायरी, हळू आवाजात, भाष्य न करता. "माझा ॲक्सेंट असा का आहे" यावर भाषण देऊ नका, तो तासाचा विषय होऊन बसेल.

वर्णावरून, देशावरून, धर्मावरून बोललं गेलं तर पायऱ्या मोजायच्या नाहीत. हसून सोडलंत तर वर्गातल्या दुसऱ्या दहा मुलांना कळतं की या खोलीत हे चालतं, आणि त्यांतली काही मुलं तुमच्यासारखीच दिसतात. एवढंच म्हणायचं: "हे वंशभेदी आहे. मी नोंद करणार आहे." मग मदतीला ठरलेल्या शिक्षकाला बोलवायचं, त्याच दिवशी नेमके शब्द लिहून द्यायचे. शाळेला त्यावर कारवाई करावी लागते. पुढे काय केलं ते आठवडाभरात लेखी विचारा. विचारणं म्हणजे तक्रारखोरपणा, असं तिथे कुणी धरत नाही.

अनुस्वार

एकोणीस म्हणजे बरंच! घरात मुलालाच मोजायला बसवा आणि दर 'इनटू'ला एक रुपया लावा. नऊ आठवडे आहेत, डबा भरायच्या आत जीभ वळते.

भाकरतुकडा (नाशिकरोड)

आणि फोडणी! राहिलंच होतं. तिथल्या घरांत छताला धुराचा गजर असतो. मोहरी तडतडली, मिरची पडली की तो वाजतो, आणि खोली मोठ्या इमारतीत असेल तर सगळे मजले खाली उतरतात. खिडकी आधी उघडा, शेगडीवरचा पंखा लावा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, तेल धुरावेपर्यंत तापवू नका. गजरावर प्लास्टिकची पिशवी बांधायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घरमालकाने पाहिलं तर वाद होतो, आणि खरंच आग लागली तर गजर वाजणार नाही.